नावाआधीचा रकाना

बँकेत खातं उघडण्याच्या अर्जावर नावाच्याही आधी एक बोटभर रकाना असतो. श्री, श्रीमती, कुमारी. ग्राहक तो स्वतः क्वचितच भरतो. काउंटरवरचा माणूस समोर एक नजर टाकतो, खूण करतो आणि पॅन नंबरकडे वळतो. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

एप्रिल 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना कळवलं की अर्जांमध्ये 'तृतीयलिंगी' हाही पर्याय हवा. त्याच्या वर्षभर आधी, 15 एप्रिल 2014 ला, सर्वोच्च न्यायालयाचा 'नालसा' निकाल आला होता. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांच्या पीठाने सांगितलं होतं, की आपण पुरुष, स्त्री की तृतीयलिंगी हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. अर्ज नव्याने छापून आले. संगणकातल्या यादीत एक ओळ वाढली. आमच्या बोलण्याला मात्र कुठलंच परिपत्रक आलं नाही, आणि बँकेत कागदापेक्षा बोलणंच जास्त चालतं.

मी कोल्हापूरची. बढतीबरोबर दिल्लीला बदली झाली आणि मयूर विहार फेज 1 मधली शाखा मिळाली. या भागाची रचना दिल्लीबाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. एका बाजूला पत्रकारांच्या, सरकारी नोकरांच्या सहकारी सोसायट्या, नंबर लावलेले पॉकेट, मल्याळी मंडळींचं उत्तर गुरुवायूरप्पन मंदिर, आचार्य निकेतनचा बाजार. रस्ता ओलांडला की आणीबाणीत वसवलेली त्रिलोकपुरी. मेट्रोच्या ब्लू लाइनने पाच-दहा मिनिटांत उत्तर प्रदेश, म्हणजे नोएडा. त्यामुळे आमच्या काउंटरवर निवृत्त सहसचिव, यमुनेच्या खादरमध्ये भाजी लावणारे, नोएडाच्या कंपन्यांतली पोरं, केरळच्या नर्स आणि टोळीने येऊन सुट्ट्या नोटांचं बोचकं उघडणाऱ्या हिजडा गुरू असे सगळे एकाच रांगेत असत.

या सगळ्यांशी बोलायची भाषा हिंदी. माझी हिंदी बेतास बात. वस्तूंची लिंगं चुकली की शाखेत हशा पिकायचा, आणि मीही त्यात सामील व्हायचे. माणसांच्या बाबतीत तसं होत नाही.

मुख्य कार्यालयाने मध्येच एक ऑनलाइन प्रशिक्षण लावलं. विषय होता सर्वनामांचा आदर. अमेरिकी कंपन्यांत असतो तसा सगळा मालमसाला: ईमेलखाली सहीजवळ 'शी/हर', 'ही/हिम', 'दे/देम' लिहावं, ओळख करून देताना ते सांगावं. ते संपल्यावर आमचे कर्जविभागाचे सहकारी म्हणाले, "मैडम, हिंदी में तो सब 'वो' है. अपने यहाँ ये झंझट ही नहीं." अर्धं खरं होतं. हिंदीतलं सर्वनाम बिचारं कुणाचंच लिंग सांगत नाही. पण त्याच्या पाठोपाठ क्रियापद येतं आणि सगळं सांगून टाकतं. वो आया था की वो आई थी? मराठीत तर विचारूच नका. तो-ती आहेच, शिवाय 'दमलेला-दमलेली', 'आलास-आलीस'. 'मी' म्हटलं तरी सुटका नाही, कारण आलो की आले हे बोलणाऱ्यालाच ठरवावं लागतं. ईमेलखालच्या इंग्रजी ओळीने आमच्या काउंटरवर काहीच सुटणार नव्हतं. आमच्याकडे माणसाचा मान क्रियापदात, संबोधनात आणि त्या बोटभर रकान्यात असतो.

कोल्हापूरच्या माणसाला हे जरा लवकर कळतं, असं मला वाटतं. आमच्याकडे बायका-मुली सर्रास 'मी येतो', 'मी जातो', 'मी जेवलो' म्हणतात. पुण्यात शिकायला गेले तेव्हा वसतिगृहातल्या मुलींनी माझ्या 'मी आलो'ची भरपूर करमणूक करून घेतली. माझ्या आईला, आजीला आपण पुरुषी बोलतो असं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशच्या बायका 'हम जाएँगे' म्हणतात, तेव्हा दिल्लीची माणसं असंच हसतात. गोव्यात कोकणीत तरुण मुलीला नपुंसकलिंगी क्रियापद लावतात आणि कुणाला अपमान वाटत नाही. व्याकरण प्रांतागणिक बदलतं. त्यामुळे 'व्याकरणात बसत नाही' हे कारण पुढे करून कुणी एखाद्याला हवं ते संबोधन नाकारलं, की मला ते पटत नाही.

आणि साहित्यात तर आपण हे केव्हाच पचवलं आहे. याच मयूर विहारमध्ये कृष्णा सोबती राहत होत्या. 2017 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, जानेवारी 2019 मध्ये त्या गेल्या. 'हशमत' नावाच्या पुरुषाचं रूप घेऊन त्यांनी समकालीन लेखकांवर शब्दचित्रं लिहिली, ती 'हम हशमत' या नावाने प्रसिद्ध आहेत. सोबतींचा हशमत आणि काउंटरवरचा ग्राहक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. लेखिकेने ते नाव लेखणीपुरतं घेतलं होतं, ग्राहक आपलं नाव जगत असतो. पण मोठ्या लेखिकेच्या शब्दाखातर पुरुषी क्रियापद सहज स्वीकारणारा वाचक बँकेच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या मुलीच्या शब्दाखातर ते का बदलू शकत नाही, हा प्रश्न मला पडतो.

आता त्या गुरूंबद्दल. त्यांचं बँकेतलं येणं म्हणजे एक सोहळा असे. बधाईचे पैसे, बहुतेक दहाच्या, वीसच्या, शंभरच्या नोटा. आमचे गार्डसाहेब, सैन्यातून निवृत्त झालेले, इटाव्याकडचे, दार उघडून "राम-राम माई" म्हणत. रांगेत कुणी कुरकुर केली तर तेच गप्प करत. गुरूंच्या आपसातल्या बोलण्यात नाती सगळी बायकी: गुरुमाँ, नानी, दादी, बहन. एकदा एका गुरूंनी मुदत ठेवीला नॉमिनी लावला. बँकेच्या नामनिर्देशन अर्जात 'ठेवीदाराशी नातं, असल्यास' असा रकाना असतो. त्यांनी सांगितलं, "लिखो, चेला." लिहिणारा नवा कारकून थबकला. नॉमिनी नातेवाईकच असायला हवा असं कुठेही नाही, हे त्याला माहीत होतं, तरी हात अडला. चेला हे त्या घरात वारसाचं नातं आहे, हे त्याला सांगितलं. त्याने लिहिलं. सिस्टीमने काही तक्रार केली नाही.

गार्डसाहेबांच्या 'माई'मध्ये आदर होता, पण भीतीही होती. त्यांच्या गावात हिजड्याचा तळतळाट घेऊ नये असं लहानपणापासून सांगतात. मला माझी आजी आठवे. मार्गशीर्षातल्या सौंदत्तीच्या यात्रेच्या सुमारास आमच्या गल्लीत डोक्यावर यल्लम्माचा जग घेऊन जोगते येत, लुगडं नेसलेले. आजी परडीत जोगवा घालताना त्यांना 'अक्का' म्हणे, पाया पडे. लुगड्यातल्या माणसाला 'अक्का' म्हणताना तिची जीभ कधी अडखळली नाही. पण तोच अक्का उद्या पोस्टात नोकरीला लागला असता, शर्ट-पँटमध्ये किंवा सलवार-कमीजमध्ये तिकिटं विकत बसला असता, तर आजीने काय म्हटलं असतं, याचं उत्तर मला देता येत नाही. परंपरेने देवीच्या परडीपुरता, बधाईच्या ढोलकीपुरता मान ठेवला. त्या परडीबाहेर, ढोलकीबाहेर पाऊल टाकणाऱ्यासाठी तिच्याकडे शब्दच नव्हता.

हे मला नीट कळलं ते एका तरुणीमुळे. नोएडाच्या एका कंपनीत नोकरी, पाठीला लॅपटॉपची बॅग, हातात कागदांची प्लॅस्टिकची फाइल. खातं तिचं विद्यार्थी असतानाचं, जुन्या नावाचं. आता नाव बदललं होतं, चेहरा बदलला होता, फोटो जुळत नव्हता, सही जुळत नव्हती. आधी फोन बँकिंगवाल्यांनी तिचं खातं अडकवलं होतं. का, तर खात्यात नोंद एक आणि फोनवरचा आवाज दुसरा, म्हणजे कुणीतरी भलताच बोलतोय. फसवणूक टाळायचा हा नियम चांगलाच आहे. त्याचा फटका असा कुणाला बसेल, हे तो नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं.

तिला गार्डसाहेबांनी 'माई' म्हटलं नाही. म्हणण्यासारखं त्यांना काही दिसलंच नाही. ते आधी "भाई साहब" म्हणाले, मग तिच्या कानातल्यांकडे पाहून गडबडले आणि गप्पच झाले. माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने दुसरी युक्ती काढली. तो अत्यंत अदबीने बोलू लागला, पण प्रत्येक वाक्य असं फिरवून की लिंग कुठे येऊच नये. "आपके द्वारा फॉर्म भर दिया गया है?" "पहले कब आना हुआ था?" ती शांतपणे सगळं ऐकून घेत होती. माझ्या टेबलाशी आल्यावर हसत म्हणाली, "मैम, इतनी मेहनत से बचकर बोलते हैं कि पता चल जाता है. 'पहले कब आई थीं' बोल दें, बस."

मराठीत आपण हेच आदरार्थी बहुवचनाने करतो. 'तुम्ही कधी आलात?' यात काहीच उघड होत नाही. अनोळखी माणसाशी बोलताना ही फारच चांगली सोय आहे, आणि मी ती आजही वापरते. पण एखादीने आपण बाई आहोत असं स्पष्ट सांगितल्यावरही आपण तिच्याबद्दल बोलताना 'ते आले होते' म्हणत राहिलो, तर तो आदर राहत नाही, टाळाटाळ होते. आणि एकवचनातलं नपुंसकलिंगी 'ते' तर भलतंच धोक्याचं. 'ते बघ ते आलं' हे वाक्य कुठल्या चेहऱ्याने म्हटलं जातं, ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावात हाच घोळ निवडणूक अर्जावर झाला होता. अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला महिला राखीव जागेवरून अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत, म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. बाई नाहीत, 'इतर' आहेत, असा त्याचा हिशेब. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना त्या जागेवरून लढू दिलं, आणि त्या निवडून आल्या. 'इतर' हा पर्याय ज्यांना हवा त्यांच्यासाठी आहे. ज्यांना तो नको, त्यांना त्यात ढकलायचं काम अधिकाऱ्याचंही नाही आणि बँकेचंही नाही.

त्या तरुणीचं काम पुढे कागदोपत्री सुरळीत झालं. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा 2019 चा कायदा जानेवारी 2020 मध्ये लागू झाला, त्याचे नियम त्याच वर्षी आले आणि नोव्हेंबरात राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं. त्या नियमांप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्याकडून ओळखपत्र आणि प्रमाणपत्र मिळे, पहिल्या प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय तपासणी लागत नसे. पण त्यावर 'ट्रान्सजेंडर' असं लिहून येई. 'स्त्री' किंवा 'पुरुष' असं हवं असेल तर शस्त्रक्रियेचा दाखला जोडावा लागे. नालसाने दिलेलं कायद्याने अर्धं परत घेतलं, असं समाजातल्या अनेकांचं म्हणणं होतं, आणि कागद हाताळणाऱ्या माझ्यासारखीला ते खरं वाटे. पॅन कार्डावर तिसरा पर्याय 2018 मध्ये आला, आधारवर तो पहिल्यापासून होता. त्यामुळे मधली काही वर्षं आधारवर एक आणि पॅनवर दुसरं असं होऊन जोडणीच अडायची. एकेक कागद बदलत जायचं, आणि दर खिडकीवर तीच कहाणी नव्याने सांगायची. तिच्या त्या फाइलमध्ये एकाच प्रमाणपत्राच्या प्रतींचा गठ्ठा होता. ती म्हणाली, कागद द्यायचा कंटाळा नाही, दर वेळी आवाज खाली करून 'आधी मी...' असं सुरू करायचा येतो.

नोएडाच्या ॲक्वा लाइनवर सेक्टर 50 चं स्टेशन आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये त्याला 'प्राइड' असं नाव दिलं, तिथे तृतीयपंथी कर्मचारी नेमले. मी कौतुकाने तिला त्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "वहाँ बोर्ड लगा है, तो लोग मैडम कह देते हैं. मैं बोर्ड लेकर थोड़े ही घूमूँगी."

आमच्या कॅशियरचा किस्सा इथे सांगायलाच हवा. ते बंगाली, सगळी शाखा त्यांना दादा म्हणते. बंगालीत सर्वनामालाही लिंग नाही आणि क्रियापदालाही नाही. त्यामुळे दादांच्या हिंदीत व्यवस्थापकांच्या पत्नीही 'आया था' आणि त्यांची स्वतःची मुलगीही 'स्कूल गया है'. त्यांनी त्या तरुणीलाही एकदा "आप बैठ जाइए, पासबुक अभी आएगा, आप कल भी आया था ना?" असं विचारलं. माझा जीव वरखाली. ती मनापासून हसली. "दादा का तो सबके साथ यही है." त्याच आठवड्यात रांगेतल्या एकाने मुद्दाम खालच्या आवाजात 'भाई साहब' म्हटलं, तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. चूक कुठली आणि टोमणा कुठला, हे ज्याला ऐकावं लागतं त्याला बरोबर कळतं. म्हणून 'आता बोलायचीच भीती वाटते बाई, काही चुकलं तर' ही तक्रार मी फारशी मनावर घेत नाही. चुकलं तर दुरुस्त करून पुढे जावं. माफीचं लांबलचक प्रवचन लावलं की समोरच्यालाच आपली समजूत काढत बसावं लागतं, तेही सगळ्या रांगेसमोर.

सगळ्यात जास्त मी शिकले ते मात्र एका मराठी बाईंकडून. मयूर विहारमध्येच राहणाऱ्या, निवृत्त शिक्षिका. टेबलावरच्या पाटीवर माझं आडनाव वाचून त्या थेट मराठीत सुरू झाल्या. ठेवींचे नॉमिनी बदलायचे होते. थोरलीचं नाव त्यांनी चटकन सांगितलं. धाकट्यापाशी आल्यावर वाक्यं बदलली. "आमचं धाकटं बाहेरगावी असतं. फार गुणी आहे. नोकरीत चांगलं रमलंय." त्या ते इतक्या मायेने बोलत होत्या की मला वाटलं, शेंडेफळाबद्दल आई बोलतेच अशी. मग कागदावरचं जुनं नाव आणि त्यांनी सांगितलेलं नवं नाव जुळेना, तेव्हा उलगडलं. मुलगी म्हणून जन्मलेलं त्यांचं मूल आता मुलगा म्हणून राहत होतं. बाईंनी नपुंसकलिंगाचा आडोसा घेतला होता. 'तो' म्हणायला जीभ वळत नव्हती आणि 'ती' म्हटलेलं मुलाला लागत होतं.

पुढे दिवाळीत ते दोघं मिळून आले. बाईंनी ओळख करून दिली, "हा आमचा धाकटा." तो हसला. म्हणाला, "मावशी, आईचा अजून सराव चाललाय. फोनवर 'पोचलास का' विचारते आणि लगेच 'जेवलीस का'. स्टेशनपासून घरापर्यंत माझं पुन्हा बदलतं." बाईही हसल्या, पण डोळे पुसत. त्यांना दुसरीच अडचण होती आणि ती त्यांनी मुलासमोरच मला विचारली. आताचं ठीक, पण लहानपणाबद्दल बोलताना काय म्हणायचं? शाळेच्या स्नेहसंमेलनात फ्रॉक घालून नाचलेलं मूल आहे, तिला, त्याला, तेव्हाचं काय म्हणू? मी काही बोलायच्या आत मुलगाच म्हणाला, "आई, तेव्हाही मीच होतो की." बाईंनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात 'तो लहान असताना' येऊ लागलं. वेळ लागला, मध्ये मध्ये 'ती' डोकावलीच.

हे त्यांना कसं जमलं, असं मी नंतर विचारलं. त्यांचं उत्तर मला कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नसतं. त्यांचे यजमान गेल्यावर थोड्याच दिवसांनी नात्यातल्या एका लग्नाची पत्रिका आली, पाकिटावर नेहमीच्या सवयीने 'सौ.' लिहिलेली. पाठवणाऱ्याच्या मनात काहीच नव्हतं. बाई दारातच उभ्या राहिल्या. "एका अक्षराने काय होतं, ते मला विचारा," त्या म्हणाल्या. "मग पोराने मला 'तो' म्हण म्हटल्यावर मी त्याला कुठल्या तोंडाने सांगू, की शब्दात काय आहे?"

आपल्या समाजाला हे मुळात नवं नाहीच. कुमारी, चि. सौ. कां., सौ., श्रीमती, गं. भा. अशी आख्खी उतरंड आपण पाकिटावर लिहीत आलो, आणि चुकली तर वर्षानुवर्षं अबोला धरला. एप्रिल 2023 मध्ये महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी सरकारी कागदोपत्री 'गंगा भागीरथी' असा उल्लेख व्हावा म्हणून पत्र दिलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. ज्यांच्यासाठी शब्द सुचवता त्यांना विचारलंत का, हा तेव्हाचा मुख्य सवाल होता. अगदी रास्त सवाल. तोच तृतीयपंथी आणि पारलिंगी माणसांच्या बाबतीत विचारला, की लोकांना ते परदेशी खूळ का वाटतं?

शाखेत आम्ही पुढे जे केलं त्याला सुधारणा म्हणण्याइतकं काही मोठं नव्हतं. ग्राहकाच्या नोंदीत शेऱ्याची एक जागा असते. हाक कोणत्या नावाने मारायची आणि संबोधन काय, एवढंच तिथे लिहावं, असं मी सुचवलं. व्यवस्थापकांनी हात आखडता घेतला, आणि त्यांचं कारण विचार करण्यासारखं होतं. ती नोंद देशभरातल्या कुठल्याही शाखेला दिसते. एखाद्याने ही गोष्ट आम्हाला विश्वासाने सांगितली, म्हणून ती सगळ्यांना सांगितली असं होत नाही. घरी माहीत नसतं, घरमालकाला माहीत नसतं. म्हणून ठरलं की ग्राहकाची परवानगी असेल तरच लिहायचं, आणि कारण लिहायचं नाही. 'मॅडम म्हणावं' एवढं पुरे, का म्हणावं याची बँकेला गरज नाही. विचारायचं तर टेबलाशी, हळू आवाजात, काचेपलीकडून ओरडून नाही. शस्त्रक्रिया झाली का, घरचे काय म्हणतात, असले प्रश्न अजिबात नाहीत. केवायसीला जो कागद लागतो तो मागायचा, बाकी चौकशा चहाच्या टपरीवरही करायच्या नाहीत. चेकबुक, पासबुक घ्यायला नावाचा पुकारा व्हायचा, तो बंद करून टोकन नंबर लावला. याचा फायदा सगळ्यांनाच झाला. नंबर लागल्यावर निवृत्त सहसचिवांनाही नाव चुकीचं उच्चारल्याचा राग धरायला कारण उरलं नाही.

गार्डसाहेबांनी स्वतःचा तोडगा काढला. ते सगळ्यांनाच 'जी' लावू लागले. नाव माहीत असेल तर नाव आणि जी, नसेल तर नुसतं "आइए जी". विदर्भात माझी मावशी राहते, तिथेही प्रत्येक वाक्याला 'जी' असतो, म्हणून मला ते घरचं वाटे. त्या तरुणीला मात्र ते ठरवून, नीट उच्चार करून 'मैडम' म्हणत. का, तर तिने त्यांना एकदा सांगितलं होतं, म्हणून.

2011 च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशभरात 4,87,803 माणसं नोंदली गेली. महाराष्ट्रात 40,891, दिल्लीत 4,213. ही त्या रकान्यात लिहून घेतलेल्यांची संख्या आहे. अंजली पाटलांसारख्या ज्या स्वतःला बाई म्हणवतात, किंवा त्या मराठी बाईंच्या मुलासारखे जे पुरुष म्हणवतात, त्यांचा हिशेब त्यात धरायचा कसा? ती माणसं आपल्या गावच्या पतसंस्थेत, दवाखान्यात, शाळेच्या पालकसभेत येतच असतात.

म्हणून महाराष्ट्रातल्या पतसंस्था, दवाखाने, शाळा आणि गृहनिर्माण संस्थांच्या कारभाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी अर्ज छापायला टाकाल, तेव्हा नावाआधीचा तो रकाना कर्मचाऱ्याने भरायचा ठेवू नका. तिथे 'आपला उल्लेख कसा करावा?' एवढं छापा आणि समोर मोकळी जागा सोडा. ज्यांना गरज नाही ते 'श्री' किंवा 'सौ.' लिहून पुढे जातील. ज्यांना आहे, त्यांना एकदाच लिहावं लागेल. आणि ते वाचल्याशिवाय कुणाला हाक मारू नका.